रिकामी कोठारे आणि रणातले धैर्य

विंचूर म्हटले की आज कांद्याचा बाजार आठवतो; मला आठवतात येथले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर. ते पानिपतावर लढले नि जिवंत परतले. अब्दालीने रसद तोडल्यावर छावणीची कोठारे रिती झाली. उपासमारीपेक्षा रणातले मरण बरे, असे फौजेने भाऊसाहेबांना विनवले. उरलासुरला दाणा वाटून घेऊन १४ जानेवारी १७६१ रोजी सारे बाहेर पडले आणि दुपारपर्यंत झुंजले.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा समोर शत्रू नसतानाही ते खिन्न, चिडखोर झाले. मनाची उभारी ताटातूनही येते. म्हणून वाचकहो, पानिपतावर धीर खचला असे कोणी म्हटले, तर मला त्या भुकेल्यांचे धैर्यच दिसते.