लातोनाची तहान

ब्राँझची एक आई, चेहरा आभाळाकडे केलेला, आणि तिला बिलगलेली दोन मुलं. संग्रहालयात काचेआड ही छोटी फ्रेंच मूर्ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती मेरीच वाटली. नंतर ध्यानात आलं, ही लातोना. मुलं म्हणजे अपोलो आणि डायाना, जुळी भावंडं.

रोमन कवी ओव्हिडनं तिची कथा सांगितली आहे. ज्युपिटरपासून तिला मुलं झाली म्हणून त्याची पत्नी जुनो संतापली. लातोनाला कुठंच थारा मिळेना. उन्हातान्हात वणवण करत ती लिसियातल्या एका तळ्याशी आली. घशाला कोरड, अंगावर पिणारी मुलं. तळ्याकाठच्या शेतकऱ्यांनी तिला पाणी पिऊ दिलं नाही. तिनं विनवणी केली, तर त्यांनी तळ्यात उड्या मारून गाळ ढवळला! तेव्हा तिनं शाप दिला आणि ते सगळे बेडूक झाले.

चौदाव्या लुईच्या व्हर्सायच्या बागेत याच कथेचं कारंजं आहे. मधला संगमरवरी गट गास्पार आणि बाल्थाझार मार्सी या भावांनी १६६८ ते १६७० या काळात घडवला. भोवती शिशाचे, सोन्याचा मुलामा दिलेले बेडूक आणि अर्धवट बेडूक झालेली माणसं. ज्यांनी घोटभर पाणी नाकारलं, त्यांच्याच तोंडून पाण्याच्या चिळकांड्या उडतात. राजाची विनोदबुद्धी म्हणायची!

लातोना म्हणजे लुईची आई ॲन आणि बेडूक म्हणजे १६४८ ते १६५३ च्या ‘फ्राँद’ बंडातले बंडखोर, असं पुष्कळदा सांगितलं जातं. जानेवारी १६४९ मध्ये दोन्ही मुलांना घेऊन ॲनला रातोरात पॅरिस सोडावं लागलं होतं, त्यामुळे जुळणी सोपी वाटते. अनेक अभ्यासकांना मात्र ती पटत नाही, मलाही नाही. लुई स्वतःला सूर्य म्हणवून घेई. अपोलोच्या बागेत अपोलोची आई असणारच.

मोठी शिल्पं दिवाणखान्यात मावतील एवढी करून ब्राँझमध्ये ओतायची फ्रान्समध्ये फार हौस. आधी मेणाची प्रतिमा, तिच्यावर मातीचं आवरण. भट्टीत मेण वितळून वाहून गेलं, की त्या पोकळीत तांबं आणि कथलाचा रस ओतायचा. मग कानस आणि छिन्नीनं हात फिरवायचा. एकोणिसाव्या शतकात आशिल कोलासनं शिल्प प्रमाणात लहान करणारं यंत्रच काढलं. १८३८ मध्ये बार्बदियन या व्यावसायिकाशी त्यानं भागीदारी केली आणि अशा मूर्ती मध्यमवर्गीयांच्या घरीही पोहोचल्या.

पण मी पाहिलेल्या मूर्तीत बेडूक नव्हते. व्हर्सायला नजर आधी त्या सोनेरी बेडकांवर जाते, मुलं ती मोजत बसतात. इथे त्यांच्याशिवाय लातोना एकटीच होती. शाप अजून दिलेला नव्हता, कुणाला शिक्षा झालेली नव्हती. मुलगी आईला चिकटलेली होती, मुलगाही. आणि ती वर पाहत होती, अजून पाणीच मागत असल्यासारखी.