कमरेच्या मणक्याचे फ्यूजन: केज टायटॅनियमचा की पीकचा?

कमरेचे दोन मणके कायमचे जोडण्याच्या ऑपरेशनला फ्यूजन म्हणतात. एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकला असेल, तर ते सुचवले जाते. नुसती गादी सरकली असेल तर बहुतेकदा त्याची गरज पडत नाही.

खर्चाच्या कागदावर दोन वस्तू असतात. मागून बसवायचे स्क्रू-सळ्या, बहुधा टायटॅनियमच्या. आणि केज, म्हणजे काढलेल्या गादीच्या जागी बसणारा पोकळ ठोकळा. घरच्यांचा गोंधळ होतो तो या केजवरून.

पीक हे कणखर प्लास्टिक. त्याची लवचिकता हाडाच्या जवळची, आणि एक्स-रेत ते आड येत नाही, म्हणून आत हाड जुळतंय का ते दिसतं. पण गुळगुळीत पीकला हाड नीट धरत नाही. टायटॅनियमला धरतं, मात्र भरीव टायटॅनियम कडक, हाड ठिसूळ असेल तर केज मणक्यात रुतण्याची भीती जास्त. थ्री-डी प्रिंटिंगचा सच्छिद्र टायटॅनियम केज यावरचाच उपाय आहे. टायटॅनियम असलं तरी एमआरआय करता येतो, फक्त तेवढ्या भागाचं चित्र बिघडतं.

खरं काम हाडाचं. जुळायला ६ ते १२ महिने लागतात. न जुळल्यास भारीतला स्क्रूही सैल होतो किंवा तुटतो. म्हणून ब्रँडच्या आधी हाडांची घनता तपासून घ्या आणि अब्बांची बिडी बंद करा. केजमध्ये हाड कुठलं भरणार, रुग्णाचंच की बाहेरचं, हेही विचारा. रुकू-सजदा कधीपासून करायचा, तोवर नमाज खुर्चीवर का, ते सर्जनलाच विचारलेलं बरं.

डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावून घ्या. पुढे स्क्रू काढायची वेळ आलीच, तर कंपनी आणि माप त्यावरून कळतं.