रक्तातला मिजाज

"हे त्यांच्या रक्तातच असतं!" मोलगीसारख्या सातपुड्यातल्या गावात शिकवणाऱ्याच्या कानावर हे वाक्य हमखास पडते. पोरगे वर्गातून पळाले की लगेच त्याची जमात, लगेच त्याचे रक्त.

कल्पना जुनी आहे. मराठीतली 'मिजास' अरबी 'मिजाज'वरून आली. मूळ अर्थ मिश्रण. दम, बलगम, सफरा, सौदा या चार द्रवांच्या मिश्रणातून माणसाची प्रकृती घडते, असे युनानी हकीम मानत. पण इब्न सीनाने (मृत्यू १०३७) मिजाज वय, हवापाणी, अन्न यांच्याबरोबर बदलतो असेही लिहून ठेवले. ही बाजू पुढे लोक विसरले.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. भिल्ल म्हणजे जन्मजात लुटारू, अशी त्यांची समजूत. मात्र १८२५ मध्ये औट्रमने त्याच भिल्लांची पलटण धरणगावला उभी केली आणि ते बंदोबस्त करू लागले. मधल्या काळात रक्त बदलले नव्हते. पगार सुरू झाला होता. तरीही १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आलाच. तो सुटायला १९५२ उजाडले.

योगायोग असा, की त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी अचानक आनंदी दिसू लागले. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर रोखते. हे विकर रक्तातल्या बिंबाणूंतही असते, म्हणजे मोजता येते. १९७६ मध्ये बुक्सबाउम, कोर्सी आणि मर्फी यांनी कमी विकराचा संबंध वर्तनाशी जोडला. पुढे साहसाची ओढ, उतावळेपणा, दारू, गुन्हेगारी, सारे त्याच्या खात्यावर जमा होऊ लागले.

मग गाडी अडली ती विडी-सिगारेटवर! तंबाखूचा धूरच हे विकर दाबतो. १९९६ मध्ये जोआना फाउलर यांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूतही ते सुमारे ४० टक्के कमी असल्याचे दाखवले. उतावळे लोक जास्त ओढतात. मग मोजला तो स्वभाव की धूर? सवय सुटली की विकर पुन्हा वाढते. इतके झाल्यावरही २००६ मध्ये याच विकराच्या जनुकावरून माओरींना 'लढवय्ये' ठरवण्याची हौस काहींना आवरली नाही.

आमच्या भागात सिकलसेलसाठी मुलांचे रक्त तपासतात. ते तपासलेच पाहिजे; त्यावर औषधपाणी ठरते. पळालेले पोरगे मात्र कुठे गेले, हे त्याच्या घरी जाऊन विचारावे लागते. बहुतेकदा आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात.