पाचोऱ्याला गाडी बदला!

जळगाव-धुळ्याच्या मंडळींना पाचोरा जंक्शन सांगायला नको. मोठी गाडी १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर, तर २०२० पर्यंत धावलेली जामनेरची छोटी गाडी ७६२ मिलिमीटरच्या. दोन्ही रेल्वेच, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालणे नाही. उतरा, बोचकी उचला, गाडी बदला! जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकताना घोडे कुठे अडते, हे विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स लिहिले ते स्वतःच्या ३८६ यंत्रापुरते. ते दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेण्याजोगे नाही, असे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले होते. पण १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे परके प्रोसेसरही आले. आज अँड्रॉइड मोबाईलच्या तळाशी लिनक्सच आहे.

हे आपोआप घडले नाही. यंत्राच्या प्रत्येक भागाशी बोलायला ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. कंपनीने त्या भागाची भाषा उघड केली तर दुभाषा लवकर तयार होतो, नाहीतर कोणीतरी चाचपडत ती शोधायची. नव्वदच्या दशकातल्या 'विनमोडेम'चे पाहा. स्वस्त पडावे म्हणून मोडेमचे बरेचसे काम विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर सोपवलेले. लिनक्सवाल्यांच्या हाती उरला मुका डबा!

मराठीही या वाटेने गेली आहे. डॉसच्या काळात, आयआयटी कानपूरच्या संशोधनातून जन्मलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट कार्ड पीसीत खोचले, की पडद्यावर देवनागरी उमटे. म्हणजे आपली लिपीसुद्धा तेव्हा हार्डवेअरच होती म्हणा ना. पुढे युनिकोड रुळले आणि कार्डाची गरज संपली. २००७ साली सी-डॅकनेच भारतीय भाषांसाठी 'बॉस' हे लिनक्स काढले.

अर्थात दारे उघडतात तशी मिटतातही. ज्या ३८६ वर लिनक्स जन्मले, त्यालाच २०१३ च्या ३.८ आवृत्तीने निरोप दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. वर्षानुवर्षे दुभाष्याचे काम करणारी माणसे पांगली, की यंत्र धडधाकट असूनही निकामी ठरते.

म्हणून एवढेच सांगणे, शाळेतला जुना पीसी भंगारात घालण्याआधी प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते बघा. मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवून पडदा, आवाज, नेटवर्क तपासा. त्यात हार्डडिस्कला हातही लागत नाही. एखादे पोर त्यावर पहिले मराठी वाक्य टाइप करील. भंगारवाला कुठे पळून जातोय?