तळटीप : पहिले दूध आणि परगावची बाळंतीण

* बाळाला तिसऱ्या दिवशी पाजल्याचा वरील उल्लेख वाचून आईला निष्काळजी ठरवू नये. बाळंतपणानंतरचे घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, बाळाला बाधेल असे मानून पिळून टाकायचे आणि तोवर मध, साखरपाणी किंवा गुटी चाटवायची, ही रीत उत्तर व मध्य भारतात पुष्कळ ठिकाणी होती; विदर्भही अपवाद नव्हता. वस्तुतः चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. मध तर वर्षाच्या आत देऊच नये, बोट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो. जन्मानंतर तासाभरात पाजावे आणि सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

परगावच्या बाळंतिणीचे मात्र थोडे वेगळे. १९५६ पर्यंत छत्तीसगढ ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. छत्तीसगढच्या मजूर कुटुंबांचे इकडे येणे जुनेच. पण परगावी बहुधा सासू सोबत नसते. छठीला, म्हणजे सहाव्या दिवशी, बाळंतिणीसाठी ‘कांके पानी’ हा काढा उकळणारे कुणी नसते, तसे चीक टाकायला लावणारेही नसते. रीत अशी दोन्ही अंगांनी सुटते. म्हणून बाळाला आईचे दूध न मिळण्याचे सारे खापर अंधश्रद्धेवर फोडणे मला अन्यायाचे वाटते. बाई विटा वाहायला परतली की पाजायचे कधी? २०२५पर्यंत लागू असलेल्या १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार ५०हून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथेच पाळणाघर सक्तीचे होते. लहान बांधकामांवरच्या आया त्यातून वगळल्या जात, आणि त्यांची बाळे मोठ्या बहिणींच्या कडेवर, वरच्या दुधावर वाढत. — संपादक