सोवळे आणि गर्व



पाप म्हटले की आपल्या पंचवटीत आधी रामकुंड आठवते. बुडी मारली की पाप गेले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ख्रिस्ती शिकवणीत सगळ्या पापांचे मूळ म्हणून गर्व सांगितला आहे. तोंडातून आत जाते त्याने माणूस विटाळत नाही, मनातून बाहेर येते त्याने विटाळतो, असे येशूने सांगितले. मनातून येणाऱ्या त्या वाईट गोष्टींत चोरी, खून यांच्याबरोबर गर्वही मोजला आहे.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या एका बाईंनी जगून पाहिली. लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचे सोवळे फार कडक. बाजारातून आणलेले जिन्नससुद्धा धुऊन घेतले जायचे. नवरा नारायण वामन टिळक, कवी. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, तरी आपले पाणी आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला.

मग एकदा विचार करता करता त्यांना उमगले, की माणूस देवाने केला, पण जात माणसाने केली. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा १९०० साली घेतला. म्हणजे आधी गर्व सुटला, धर्म नंतर बदलला. हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिले आहे, स्वतःच्या चुकांना हसत हसत.

ख्रिस्ती झाले म्हणून सगळ्यांचीच जात सुटली असे नाही. तिथेही ती बरीच वर्षे चिकटून राहिली. गर्व कोणत्याही देवळात शिरतो.

ख्रिस्ती शिकवण म्हणते, पाप माणसाला देवापासून तोडते आणि शेजाऱ्यापासूनही. हे पाहायला लांब जायला नको. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. त्यात बायाही होत्या. मागणी एवढीच, की आम्हालाही रामाचे दर्शन घेऊ द्या. लढा काही वर्षे चालला, दार उघडले नाही. शेवटी १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. काहींच्या गर्वापायी किती माणसे दुरावली!

आता आमची गोष्ट. आमच्या गटात एक ताई बैठकीला स्वतःचा पेला घेऊन यायच्या. तसे आणा, असे त्यांना कुणी म्हटले नव्हते. पण आणू नका, असेही आम्ही कधी म्हटले नाही. वर्षभर तो पेला आमच्या डोळ्यांपुढे होता. सगळ्यांची बचत एका पेटीत आणि पाणी मात्र वेगळे! एकीने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सवय आहे.” आमच्या माना खाली गेल्या. त्या दिवशी माफी मागितली आणि गटाच्या पैशातून एकसारखे वीस पेले आणले.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेबाची वही उघडण्याआधी जरा बघा. तुमच्या गटात कुणी पेला घरून आणते का?