भोपळ्याच्या पानावरील डाग

श्रावणाच्या झडीत परसातील भोपळ्याचा वेल मांडवावर चढतो, पानांचे हिरवे छत्र पसरते आणि घरधनीण पिवळ्या फुलांकडे पाहून फळांची मोजदाद करू लागते. मग भाद्रपदातील एखाद्या सकाळी पानांवर पिवळसर डाग दिसतात. चार दिवसांत ते तपकिरी होतात, आठ-दहा दिवसांत पान कडेने वळते आणि वाळते. वरचे छत्र गेले म्हणजे कोवळी फळे उन्हात उघडी पडतात व बेचव होऊन राहतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, वेलाला दृष्ट लागली. शेजारी म्हणतो, हवा बाधली. ह्या उत्तरांना हसण्याचे कारण नाही. सन 1845 मध्ये युरोपातील मोठमोठ्या विद्वानांची उत्तरे ह्याहून फारशी निराळी नव्हती, आणि त्या अज्ञानाची किंमत एका देशाला प्राणांनी मोजावी लागली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बेल्जममध्ये बटाट्याच्या पानांवर काळे डाग उठले. सप्टेंबरात ती साथ आयर्लंडात पोहोचली. तेथील गरीब कुळांचे सारे जीवित बटाट्यावर अवलंबून होते. हिरवीगार शेते थोड्याच दिवसांत काळवंडली आणि जमिनीतील बटाटे कुजून गेले. पुढील काही वर्षांच्या दुष्काळात व तापसऱ्यांत सुमारे दहा लक्ष माणसे मेली, आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. धान्याच्या निर्यातीचा व सरकारी धोरणाचा दोष ह्यात होताच. तथापि आरंभ झाला तो पानावरील डागापासून.

ह्या डागाचे कारण काय? कोणी थंड व पावसाळी हवेला दोष दिला, कोणी नव्याने सुरू झालेल्या आगगाड्यांच्या विजेला, तर कोणी ईश्वरी कोपाला. लंडनचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडले ह्यांचे मत असे होते की, अतिवृष्टीमुळे झाडाने पाणी फार शोषले आणि त्यास ते पचले नाही. पानाच्या पाठीवर पांढुरकी बुरशी दिसत होती हे सर्वांनाच मान्य होते; परंतु झाड कुजले म्हणून बुरशी आली, असे बहुतेक विद्वान म्हणत.

इंग्लंडमधील एका खेड्याचे धर्मोपदेशक माइल्स बर्कली ह्यांनी मात्र नेमके उलट सांगितले. फावल्या वेळात सूक्ष्मदर्शक घेऊन बुरशींचा अभ्यास करणे हा त्यांचा छंद होता. त्यांनी रोगट पान तपासले आणि 1846 साली लिहिले की, बुरशी हा कुजण्याचा परिणाम नव्हे, तेच त्याचे कारण होय. ह्या म्हणण्याला निर्णायक पुरावा मिळण्यास पंधरा वर्षे लागली. 1861 साली जर्मन पंडित आंतोन द बारी ह्यांनी निरोगी झाडावर त्या बुरशीचे बीजाणू सोडून रोग उत्पन्न करून दाखविला. ज्या झाडांवर बीजाणू पडले नाहीत, ती तशाच ओल्या हवेत धडधाकट राहिली. तेव्हा हवेवरील आरोप अर्धा खोटा ठरला. ओलावा हा रोगाचा साथीदार खरा, पण मूळ गुन्हेगार तो नव्हे.

निदान झाले, पण औषध कोठे होते? भुरीवरील औषध त्याआधीच, आणि तेही एका माळ्याच्या हातून, सापडले होते. 1845 सालीच इंग्लंडमधील मार्गेट गावी एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला काचघरातील द्राक्षवेलींवर पिठासारखी पांढरी बुरशी दिसली. गंधक व चुना पाण्यात कालवून त्याने ती आटोक्यात आणली. बर्कलींनी 1847 मध्ये त्या बुरशीला टकरचेच नाव दिले. पुढे ही भुरी फ्रान्सभर पसरली, तेव्हा गंधकाच्या भुकटीनेच तेथील मळे सावरले.

परंतु 1878 साली फ्रान्सच्या द्राक्षांवर अमेरिकेतून दुसराच रोग आला. तो म्हणजे केवडा. त्याची वाढ पानाच्या पाठीवर, ओलाव्यात होई, आणि गंधकाला तो दाद देईना. ह्या वेळी उपाय निघाला तो चोरांच्या भीतीतून. मेडोक प्रांतातील सेंट-ज्युलियन गावाजवळ वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षे खात; म्हणून मळेवाले कडेच्या ओळींवर मोरचूद व चुन्याचे पाणी शिंपडीत. ती निळसर घाण पाहून फळ तोडण्याची कोणाला इच्छा होत नसे. ऑक्टोबर 1882 मध्ये बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक पिएर मिलार्दे त्या वाटेने जात होते. आतील सर्व वेली निष्पर्ण झाल्या होत्या. रस्त्याकडेच्या वेलींवर मात्र पाने शाबूत होती. असे दृश्य त्यापूर्वी अनेकांनी पाहिले असेल. ते का घडले, हा प्रश्न मिलार्दे ह्यांनी विचारला. रसायनशास्त्रज्ञ गेयाँ ह्यांच्या साहाय्याने प्रयोग करून 1885 साली त्यांनी आपली कृती प्रसिद्ध केली : आठ किलो मोरचूद शंभर लिटर पाण्यात, पंधरा किलो कळीचा चुना तीस लिटर पाण्यात, आणि दोहोंचे मिश्रण. पुढे ते पुष्कळ सौम्य करण्यात आले. हेच प्रसिद्ध बोर्डो मिश्रण होय.

हे मिश्रण आपल्याकडेही आले. सुपारीच्या घडांना पावसाळ्यात लागणाऱ्या कोळेरोगाचा अभ्यास म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन ह्यांनी केला व 1910 च्या सुमारास ह्याच मिश्रणाचा उपाय सुचविला. कोकणात व गोव्यात सुपारीच्या बागाईतदाराला पावसाळा लागण्यापूर्वीची ही फवारणी आजही परिचित आहे. हिंदुस्थानातील पिकांच्या रोगांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद एडविन बटलर ह्यांनी बिहारातील पुसा येथे राहून केली. त्यांचा ग्रंथ 1918 साली प्रसिद्ध झाला.

आता परसातील वेलाकडे परतावयास हरकत नाही, कारण भोपळ्याच्या पानावरही हेच दोन शत्रू, केवडा आणि भुरी, आपापल्या निराळ्या कुळांतून येतात. ज्यांनी बटाट्याची बुरशी ओळखली, त्याच बर्कलींनी आपले सहकारी कर्टिस ह्यांच्यासह 1868 साली क्यूबा बेटातून आलेल्या काकडीवर्गीय वेलीच्या नमुन्यावरून ह्या वर्गाच्या केवड्याचे प्रथम वर्णन केले. सुमारे वीस वर्षांनी तो जपानात व अमेरिकेत आढळला आणि मग उष्ण व समशीतोष्ण देशांत सर्वत्र पसरला. आजचे शास्त्र केवड्याला खरी बुरशी मानीत नाही. तो पाण्यातील शेवाळांच्या दूरच्या नात्यातला जीव आहे. भुरी मात्र खरी बुरशी. म्हणूनच एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि म्हणूनच बाटली उघडण्यापूर्वी पान उलटून पाहावे लागते.

ह्या परीक्षेची रीत सोपी आहे. सकाळी दव असताना पान उलटावे. वर पिवळे, शिरांनी आखल्यासारखे कोनदार डाग आणि त्यांच्या नेमक्या खाली करडी-जांभळट लव दिसली, तर तो केवडा. पानाच्या दोन्ही अंगांवर पिठाचे ठिपके असून बोटाने पुसताच निघाले, तर ती भुरी; तिला पाण्याचा थेंबही लागत नाही, म्हणून ती कोरड्या दिवसांतही वाढते. तपकिरी डागात वर्तुळांत वर्तुळे दिसली आणि रोग बुडाजवळच्या जून पानांपासून सुरू झाला, तर तो बहुधा करपा. डाग बारीक, पाणथळ व कोनदार असून मधला भाग गळून भोके पडली, तर जिवाणूंचा संशय घ्यावा. पाने पिवळी-हिरवी चट्टेदार व सुरकुतलेली झाली, तर तो विषाणूंचा रोग होय. त्यावर औषध नाही, वेल उपटून टाकावा व रोग पसरविणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करावा. भोपळ्याच्या काही जातींत शिरांच्या कोपऱ्यांत रुपेरी चट्टे जन्मतःच असतात. ते पुसले जात नाहीत व पसरतही नाहीत. त्यांना रोग समजून कित्येक निरोगी वेलींवर औषधाचा मारा होतो.

उपचारातही इतिहासाची शिकवण उपयोगी पडते. केवड्यावर तांबे, भुरीवर गंधक ही जुनी वाटणी अद्याप खरी आहे. परंतु काकडीवर्गाची कोवळी पाने दोन्ही औषधांनी पोळतात. म्हणून मिश्रण सौम्य असावे, आधी चार पानांवर प्रयोग करून पाहावा आणि कडक उन्हात गंधक मुळीच मारू नये. बोर्डो मिश्रण मातीच्या, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यातच करावे. त्यात लोखंडी पाते बुडविल्यावर त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. फवारा पानाच्या पाठीलाही पोहोचला पाहिजे, आणि तो रोगाच्या आरंभीच दिला पाहिजे. कारण तांबे बीजाणूंना आत शिरू देत नाही, शिरलेल्यांना बाहेर काढीत नाही.

औषधांवरच विसंबणेही बरे नव्हे. केवड्यावर 1977 च्या सुमारास मेटॅलॅक्सिल नावाचे नवे प्रभावी औषध निघाले. 1979-80 च्या सुमारास इस्राएलातील काकड्यांवरचा केवडा त्याला जुमानीनासा झाला. बोर्दोच्या जुन्या मळ्यांच्या मातीत तांब्याचा साठा झाला आहे, व युरोपीय संघाने 2019 पासून तांब्याच्या वापरावर दर हेक्टरी सात वर्षांत 28 किलोची मर्यादा घातली आहे. म्हणून पहिला उपाय तोच, जो कोणत्याही दुकानात मिळत नाही : वेलींत अंतर ठेवणे, मांडवाला वारा लागू देणे, पाणी पानांवर न घालता बुडाशी सकाळी देणे, पहिले रोगट पान वेळीच काढून वेलापासून दूर नेऊन पुरणे, आणि त्याच जागी दोन-तीन वर्षे काकडीवर्गातील पीक न घेणे.

बर्कली पेशाने धर्मोपदेशक होते, टकर माळी होता आणि मिलार्दे रस्त्याने जाणारे एक अध्यापक. रोगट पान हातात घेऊन ते लक्षपूर्वक पाहणे, एवढेच ह्या तिघांत समान होते. आयर्लंडाच्या शेतांतही ते पान प्रत्येकाच्या समोर होते. ते काय सांगते, हे वेळेवर समजले नाही. परसातील भोपळ्याचा वेल दरवर्षी भाद्रपदात हीच परीक्षा पुन्हा घेतो. तेथे एखाद-दुसऱ्या फळाचाच प्रश्न असतो. परंतु पान उलटून पाहण्याची सवय लागली, तर ती पुढे मोठ्या शेतालाही तारते.